जुन्या इंजिनाचा श्वास



आमचे गुंजी गाव लोंढा आणि खानापूर यांच्या मध्ये, रानाच्या कडेला वसलेले आहे. गावाला रेल्वेचे स्टेशन आहे. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, या मार्गावर मीटर गेजच्या गाड्या धावत असत. गाडी स्टेशन सोडू लागली की डिझेल इंजिनाच्या धडधडीवर तरंगणारी एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येई. ती ड्रायव्हर वाजवीत नसे. त्याचा भोंगा निराळा होता. इंजिनावर ओझे पडले की ही शीळ चढे, ओझे कमी झाले की उतरे. आम्ही मुले कुंपणाशी उभे राहून तिची नक्कल करीत असू. पुढे विज्ञान शिकविण्याची पाळी आली तेव्हा तिचा उगम मला कळला. त्या इंजिनास वायडीएम-४ असे नाव होते. प्रथम ते अमेरिकेतील अल्को कारखान्यातून आले आणि नंतर वाराणसीस तयार होऊ लागले. त्यात सहा सिलिंडर एका रांगेत उभे होते. एकेका सिलिंडराचा व्यास २२८ मिलिमीटर, म्हणजे घरातील पाण्याच्या कळशीएवढा. ती शीळ त्या इंजिनाच्या टर्बोचार्जरची होती.

आज मला बोलावयाचे आहे ते याच दोन गोष्टींविषयी, परंतु मोटारीच्या संदर्भात. जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील सहा सिलिंडरांचे इंजिन पुन्हा बांधणे आणि त्यास टर्बो जोडणे, हा तो विषय. एखाद्या शाळामास्तराने हा विषय घ्यावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. माझ्या हाताला ग्रीस फारसे लागलेले नाही, हे मी आधीच कबूल करतो. तथापि या बाबतीत मी एकदा न मागता सल्ला दिला आणि तो एका होतकरू मुलास फार महागात पडला. तेव्हापासून मी हा विषय नीट शिकलो. आधी सल्ला आणि मागाहून अभ्यास, असा उलटा क्रम माझ्या हातून घडला.

प्रथम हे सहा सिलिंडर एका रांगेत का, ते पाहू. आमच्या खानापूरकडे भात कांडताना एका उखळाभोवती तिघीजणी उभ्या राहत. एकीचे मुसळ वर, दुसरीचे निम्म्यावर, तिसरीचे उखळात. ताल सांभाळला तर उखळ जागचे हलत नसे. एकटीने जोर लावून कांडले तर मात्र जमीन हादरे. सहा पिस्टनांच्या इंजिनात अशा तीन जोड्या असतात. पहिला व सहावा, दुसरा व पाचवा, तिसरा व चौथा हे पिस्टन जोडीने वरखाली होतात, आणि क्रँकवर या तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर बसविलेल्या असतात. त्यामुळे एका जोडीचा धक्का बाकीच्या दोन जोड्या फेडून टाकतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात एक बारीक थरथर कायमची उरते. सहांच्या रांगेत ती हिशेबानेच नाहीशी होते. स्फोटांचा क्रमही असा बांधलेला असतो, १-५-३-६-२-४, की एक ठोका इंजिनाच्या पुढच्या निम्म्या भागात पडला तर दुसरा मागच्या भागात पडावा. चालू इंजिनाच्या झाकणावर रुपयाचे नाणे कडेवर उभे करून दाखविण्याची मेकॅनिक मंडळींची खोड आहे. ती बढाई सहा सिलिंडरांच्या चांगल्या इंजिनावरच शोभते.

या रांगेचा मोठेपणा आपल्याकडे पाहावयाचा असेल तर दसऱ्याच्या दिवशी कोल्हापुरास जावे. छत्रपतींच्या घराण्याची जी मेबॅक मोटार त्या दिवशी दसरा चौकात येते, तिचे इंजिन याच जातीचे आहे: सहा सिलिंडर, एक रांग, ३.८ लिटर, १४० अश्वशक्ती. विलायतेत जॅग्वार कंपनीने १९४८ साली असेच एक इंजिन काढले आणि त्याच्या जोरावर १९५१ ते १९५७ या काळात फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. या बांधणीत एक उणेपणा आहे तो असा की क्रँक लांबट होतो, आणि लांब सळई पिळवटते. म्हणून क्रँकच्या पुढच्या टोकाला रबराची कडी असलेले एक जड चाक बसवितात. ते पीळ गिळून टाकते. चाळीस वर्षांनी ते रबर वाळून भेगाळते. जुन्या मोटारीचे मालक तिला रंग देतात, गाद्या बदलतात, चाके चकचकीत करतात. या चाकाकडे मात्र कोणी पाहत नाही.

आता टर्बोविषयी. इंजिनात पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. खरी टंचाई असते ती हवेची. आपण २७५३ घनसेंटिमीटरचे, म्हणजे पावणेतीन लिटरचे, इंजिन घेऊ. क्रँकच्या दोन फेऱ्यांत ते फार तर पावणेतीन लिटर हवा ओढील. तिचे वजन भरते सुमारे सव्वातीन ग्रॅम. एक भाग पेट्रोल जळावयास पावणेपंधरा भाग हवा लागते, तेव्हा त्या दोन फेऱ्यांत पेट्रोल जळते ते पाव ग्रॅमहूनही कमी. त्यातच बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. पणजीत भरलेला श्वास आणि बेळगावात भरलेला श्वास यांत आठ टक्क्यांचा फरक पडतो. गोव्याहून घाट चढून आलेली मोटार थोडी मंदावलेली वाटते, तो केवळ चढाचा परिणाम नव्हे.

आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या एका स्विस एंजिनियराने १९०५ साली यावर तोड काढली. इंजिनाच्या नळीतून जो तप्त धूर बाहेर पडतो, त्याच्याबरोबर पेट्रोलाची बरीच शक्ती वाया जाते. त्या धुराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, अशी ही कल्पना होती. हाच टर्बो. मोटारीतल्या टर्बोची चक्रे तळहातावर मावतील एवढी असतात, परंतु मिनिटाला लाखभर फेरे घेतात. एका बाजूला आठ-नऊशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची थंड हवा, आणि मध्ये दांड्याला आधार तो केवळ ऑईलच्या पातळ पापुद्र्याचा! ऑईल काळे पडले की हा दांडा प्रथम मरतो. ही युक्ती आधी मोठ्या डिझेल यंत्रांनी उचलली. मोटारीत ती १९६२ साली अमेरिकेत आली, आणि जपानात पहिली टर्बो मोटार १९७९ साली निघाली. त्या जपानी मोटारीचे इंजिनही सहा सिलिंडरांच्या रांगेचेच होते.

हे सारे ऐकावयास फार गोड वाटते. फुकट वाया जाणाऱ्या धुरातून शक्ती मिळते, तर ती कोण सोडील? माझ्या हातून चूक झाली ती येथेच.

माझा एक विद्यार्थी होता. व्याकरणात कच्चा, पण शाळेच्या घंटेचा दोलक सैल झाला तेव्हा तो न सांगता नीट करून गेला. पुढे तो बेळगावात आयटीआय शिकला, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सात वर्षे राबला, आणि २०१७ साली खानापूर रस्त्यावर त्याने स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटले. सिलिंडर बोअर करण्याचे जुने यंत्र घ्यावे म्हणून त्याने एका पतसंस्थेकडे कर्ज मागितले. जामीन मी राहिलो. घरातून या गोष्टीला विरोध होता. मुलीचे शिक्षण पुढे होते, आणि आमच्या घरात तोवर कोणी कोणाला जामीन राहिलेले नव्हते. मी कोणाचे ऐकले नाही.

दोन वर्षांनी, २०१९ च्या पावसाळ्यानंतर, मडगावकडील एक गृहस्थ त्याच्याकडे आपली मोटार घेऊन आले. डॅटसन २८० झेडएक्स. लांब नाकाची, दोन दारांची. त्यांचे वडील आखातात नोकरीला होते, त्यांनी ती परत येताना आणलेली. वडील वारले होते. मोटार चाले, पण तिच्यात जीव उरला नव्हता. चढावर दम टाकी आणि मागे निळसर धूर सोडी. गृहस्थांनी परदेशातून एक वापरलेला टर्बो आणि त्याच्या नळ्या मागविल्या होत्या. नाताळच्या आधी तो बसवून द्यावा, निम्मे पैसे आगाऊ देतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मुलगा घुटमळत होता. त्याने प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजला. इतर सिलिंडर १४० ते १५० पौंड दाखवीत होते, पाचव्या क्रमांकाचा मात्र ११० वर थांबला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल ओतून त्याने पुन्हा मोजले, तर आकडा बराच वर गेला. याचा अर्थ सरळ होता. झडपांतून गळती असती तर ऑईलने आकडा बदलला नसता. दाब पिस्टनच्या रिंगांवाटे खाली पळत होता. "सर, आधी इंजिन उतरवू, उघडून पाहू, टर्बोचे मागाहून," असे तो मला म्हणाला.

त्या वेळी कर्जाचे तीन हप्ते थकले होते. पतसंस्थेचे पत्र माझ्याही नावाने आले होते. मी त्याला म्हटले, "अरे, गुंजीच्या स्टेशनावरून जन्मभर टर्बोचीच इंजिने गेली. त्यांना काय झाले? सहा सिलिंडरांचे लोखंड आहे, सोसेल." मास्तराचा शब्द. त्याने तो मानला.

रेल्वेचे ते इंजिन डिझेलचे होते, त्याची बांधणी मुळातच टर्बोसाठी झालेली होती, आणि ठराविक काळाने शेडमध्ये त्याची तपासणी होत असे, एवढा विचार विज्ञानाच्या शिक्षकाला सुचावयास हवा होता. तो सुचला नाही. हप्ते सुचले.

नोव्हेंबरमध्ये टर्बो बसला. चाचणीसाठी आम्ही दोघे निपाणीपर्यंत गेलो. जाताना मोटार अशी धावली की मी खिडकीची कड धरून बसलो होतो. आणि खरे सांगतो, ती लहानपणची शीळ पुन्हा ऐकू आली तेव्हा मला फार आनंद झाला. परतताना तवंदी घाटाच्या चढणीला त्याने पाय दाबला. काही क्षणांत इंजिनातून लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज येऊ लागला. त्याने पाय उचलला, पण उशीर झाला होता. मागे पाहिले तर रस्ता निळ्या धुराने भरलेला. मोटार ट्रकवर चढवून बेळगावला आणावी लागली. साऱ्या वाटेत तो मला एक शब्दही बोलला नाही. "तुम्हीच म्हणाला होतात," असे तो आजवर कधी बोललेला नाही.

तो लाह्यांचा आवाज काय असतो, ते सांगतो. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक आहे. तीस अंशांची हवा टर्बोने दीडपट दाबली तर ती ऐंशी अंशांच्या पुढे जाते. ही तापलेली हवा सिलिंडरात पुन्हा दाबली जाते. पेट्रोल-हवेचे मिश्रण ठिणगीपासून शिस्तीने, एका कडेने पेटत जावयास हवे. उष्णता व दाब मर्यादेबाहेर गेले की ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम फुटते. हेच नॉकिंग. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. वरची ज्योत दोन हजार अंशांहून अधिक तापलेली असते. तरीही पिस्टन वाचतो, कारण त्याच्या माथ्यालगत वायूचा एक तुलनेने थंड थर असतो, शिवाय रिंगांमधून आणि ऑईलमधून उष्णता निघून जात असते. नॉकिंगचे हादरे तो थर पुसून टाकतात. रिंगा झिजलेल्या असल्या तर उष्णतेची दुसरी वाटही अरुंद झालेली असते. मग काही सेकंदांचे काम. आमच्या पाचव्या पिस्टनाच्या मध्यभागी करंगळी जाईल एवढे भोक पडले होते आणि कडेचा एक तुकडा उडालेला होता.

याच जातीच्या इंजिनास कारखान्याने स्वतः १९८१ साली टर्बो जोडला, तेव्हा त्याने काय केले ते मी नंतर वाचले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या साध्या इंजिनात मिश्रण ८.८ पट दाबले जाई. टर्बोच्या इंजिनात ते प्रमाण ७.४ वर आणले होते, म्हणजे टर्बो जे दाबणार त्याची जागा आधीच मोकळी ठेवली होती. ऑईलचा पंप मोठा बसविला होता. नॉकिंगची चाहूल घेणारा एक कान ब्लॉकवर लावला होता. त्याची खबर मिळताच ठिणगी आपोआप मागे सरे. टर्बोचा दाब वायुमंडलाच्या दाबाच्या जेमतेम निम्मा ठेवला होता, आणि तो वाढू नये म्हणून फाजील धूर बाजूने सोडणारी झडप होती. एवढी तजवीज करून शक्ती वाढली ती १४५ वरून १८० पर्यंत. आम्ही यांतले काहीएक केले नव्हते. पेट्रोलचा पुरवठा जुना, ठिणगीची वेळ जुनी, रिंगा झिजलेल्या, आणि दाब कारखान्याच्या दीडपट!

शिवाय कायद्याचा प्रश्न निराळाच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास परस्पर करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीतच सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावले होते. ज्यांना जुन्या मोटारीला टर्बो जोडण्याची हौस आहे त्यांनी पहिला फेरा वर्कशॉपकडे न घालता आरटीओच्या कचेरीकडे घालावा. आम्ही तोही घातला नव्हता.

गृहस्थ मडगावहून आले. मुलगा म्हणाला, चूक माझी. मी म्हणालो, माझी. ते दोघांकडेही न पाहता बराच वेळ मोटारीच्या उघड्या तोंडाशी उभे होते. शेवटी ठरले ते असे की सुट्या भागांचा खर्च त्यांनी करावयाचा आणि मजुरी मुलाने सोडावयाची. टर्बो तूर्त बाजूला ठेवावयाचा. आधी इंजिन जसे होते तसे करून द्यावयाचे.

इंजिन बांधणे म्हणजे काय, हे मी त्या वर्षी पाहिले. शाळा सुटल्यावर मी तेथे जाऊन बसत असे. माझे काम वही लिहिण्याचे. सात मुख्य बेअरिंगांच्या टोप्या, सहा दांड्यांच्या टोप्या; प्रत्येकीवर क्रमांक ठोकावयाचा, कारण एकीची टोपी दुसरीवर बसत नाही, आणि बसली तरी टिकत नाही. सिलिंडराच्या वरच्या कडेला नख लावले की एक पायरी लागे. रिंग जेथवर पोहोचते तेथवर लोखंड झिजलेले आणि त्याच्या वर मूळचे, त्यांमधली ती पायरी. डायल गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, आणि दर ठिकाणी आडवा-उभा, असा सहा वेळा मोजावयाचा. सहा सिलिंडरांची छत्तीस मापे मी वहीत मांडली. पाचवा सिलिंडर वरच्या बाजूस पाव मिलिमीटर मोठा झाला होता. ऐकावयास हे काहीच नाही. परंतु पिस्टन आणि सिलिंडर यांच्या मधली योग्य फट मिलिमीटराच्या शंभराव्या हिश्शांत मोजतात.

तेव्हा सहाही सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर करावयाचे ठरले. ज्या यंत्रासाठी मी जामीन राहिलो होतो त्याच यंत्रावर तो ब्लॉक चढला. बोअर झाल्यावर होनिंग. त्यात सिलिंडराच्या आतल्या अंगाला मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात. मला वाटे, गुळगुळीत असेल तेवढे बरे. तसे नाही. त्या रेघांत ऑईल धरून राहते, आणि नव्या रिंगा त्यांच्यावर घासून आपला आकार घेतात. आरशासारख्या सिलिंडरात रिंगा कधी बसतच नाहीत, इंजिन जन्मभर ऑईल पीत राहते. क्रँकला चुंबकीय भुकटी लावून चिरा पाहिल्या, त्या नव्हत्या. तो पाव मिलिमीटर घासून घेतला आणि तेवढीच जाड बेअरिंगे मागविली. बेअरिंगातली फट मोजण्याची रीत मला फार आवडली. मेणासारख्या प्लास्टिकचा एक बारीक धागा क्रँकवर ठेवावयाचा, टोपी ठरलेल्या जोराने आवळावयाची आणि पुन्हा सोडावयाची. धागा जेवढा चपटा पसरला असेल तेवढी फट कमी. वहीत मी मापे लिहीत होतो आणि मुलगा एकेक टोपी पुन्हा पुन्हा सोडत होता. तिसऱ्या बेअरिंगाचे माप त्याला चार वेळा पटले नाही. शेवटी टोपीखाली कापडाचा एक धागा अडकलेला सापडला. डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा.

पिस्टन व रिंगा परदेशातून यावयाच्या होत्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सारे वाटेतच अडकले. वर्कशॉप बंद, हप्ते चालू. त्या काळात त्याने खेड्यांतून पाण्याचे पंप आणि पॉवर टिलर दुरुस्त करून दिवस काढले. तीन हप्ते मी भरले. याविषयी घरात जे बोलणे झाले ते येथे सांगण्यासारखे नाही.

पेटी अखेर ऑगस्टमध्ये आली. मग हेड तासून सपाट करणे, झडपा घासून बसविणे, टायमिंगची साखळी बदलणे, आणि ते रबराची कडी असलेले पुढचे चाक नवे घालणे, ही कामे झाली. पेट्रोलात आता इथेनॉल मिसळलेले असते. १९८० च्या सुमाराच्या रबरी नळ्या त्यापुढे टिकत नाहीत, म्हणून त्याही सगळ्या काढल्या. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांनी आवळले. चालू करण्यापूर्वी त्याने प्लग काढून ठेवून, ऑईलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत इंजिन नुसते फिरवीत ठेवले. पहिली हजार किलोमीटर मोटार हळू, परंतु एकाच चालीने न चालविता, हाकावयाची, अशी चिठ्ठी त्याने स्टीयरिंगला बांधली.

डिसेंबरात गृहस्थ मोटार न्यावयास आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची आईही होती. मुलाने किल्ली फिरविली. झाकणावर नाणे उभे करण्याचा खेळ त्याने केला नाही, मी सुचवूनही केला नाही. आई वर्कशॉपच्या दाराशी खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "हे आमच्या घरात असाच आवाज काढीत येत असत." आधी माझ्या ध्यानातच आले नाही की ती मोटारीविषयी बोलत नसून नवऱ्याविषयी बोलत आहे.

पुढील उन्हाळ्यात गृहस्थांचा फोन आला. आता टर्बोचे काय करावयाचे, असे मुलाने विचारले. ते म्हणाले, कशाला? घाट चढते, धूर नाही, पाय ठेवला की पुढे झेपावते. माझ्या वडिलांच्या हाताखाली जशी होती तशी आहे. तो फोन झाल्यावर मी वही काढून पुन्हा आकडे पाहिले. कारखान्याच्या हिशेबाने टर्बोने मिळते ती शक्ती मुळातल्या शक्तीच्या पाव हिश्शाएवढी. त्या झिजलेल्या इंजिनाच्या पाचव्या सिलिंडराचा दाब शेजाऱ्यांहून पाव हिश्शाने खाली होता, आणि ते शेजारीही काही धडधाकट नव्हते. गृहस्थ नवी शक्ती विकत घ्यावयास निघाले होते. हरवली होती ती त्यांचीच जुनी. जुन्या मोटारीचा टर्बो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो मुलगा आता आधी सहा दाब मोजून कागदावर लिहून देतो. बहुतेकांचे टर्बोचे बोलणे तेथेच थांबते. ज्यांचे थांबत नाही त्यांना तो कमी दाबाचे पिस्टन, मोठा पंप, पेट्रोलचा व ठिणगीचा नवा हिशेब आणि आरटीओची परवानगी, असा सारा खर्च मांडून दाखवितो. आजवर एकानेच तो पुरता केला आहे; त्याचे इंजिन अजून धडपणे चालते, आणि त्याची शीळ मी मुद्दाम जाऊन ऐकून आलो आहे.

कर्ज २०२३ च्या जूनमध्ये फिटले. गृहस्थांनी तो टर्बो परत नेला नाही. वर्कशॉपच्या फळीवर तो आहे, आणि शेजारी भोक पडलेला पाचवा पिस्टन. दरवर्षी नववीच्या मुलांना मी तेथे घेऊन जातो. ती आधी पिस्टनच्या भोकात करंगळी घालून पाहतात, मग टर्बोचे चक्र बोटाने फिरवितात. ते अजून हलके फिरते.